बायपोलरवाल्यांनीच चालवलेला गट : सात वर्षांनी लिहिलेला रिव्ह्यू

बायपोलर म्हणजे मन कधी भलतंच वर चढतं आणि कधी पार खाली जातं तो आजार. तो असलेल्यांनीच चालवलेल्या गटाबद्दल हे आहे. आधी कामाचं सांगतो. पुण्यात, पेठेत, एका जुन्या वाचनालयाचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. महिन्यातला पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी साडेदहा ते साडेबारा. फी नाही. दाराशी स्टीलचा डबा ठेवलेला असतो, त्यात चहाचे वीस रुपये टाकायचे. नसतील तर टाकू नका, कुणी बघत नाही. लिफ्ट नाही. जिना लाकडी आणि अरुंद, गुडघेवाल्यांनी दमानं चढावं. गाडी मात्र वाचनालयाच्या दारात लावू नका, सेक्रेटरी रविवारीसुद्धा गॅलरीत उभे असतात.

गटाचं नाव इथे देत नाही, कारण तसा नियमच आहे. नावं आणि माणसं जिन्याच्या वरच राहतात, शिकलेलं खाली न्यायला मोकळीक. मग रिव्ह्यू कशाचा, असं कुणी विचारेल. तर पद्धतीचा. तुमच्या गावात असा गट असेल, किंवा काढायचं मनात असेल, तर आत शिरण्याआधी काय काय बघून घ्यावं, ते लिहितो.

मी छपाईवाला. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. वय ५३. २०१४ च्या मे महिन्यात रात्री दोन वाजता एका माणसाला झोपेतून उठवून मी त्याच्याकडचं चाररंगी ऑफसेट मशीन ठरवलं आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी तीन लाखांचं टोकन देऊन आलो. बायकोची एफडी मोडून. माझं दुकान दहा बाय चौदा. मशीन दारातूनसुद्धा आत गेलं नसतं. त्याआधीचे अकरा दिवस मी रात्री दोन-अडीच तासांच्या वर झोपलो नव्हतो, आणि पुण्यातल्या झाडून सगळ्या गणेश मंडळांचे अहवाल आता आपणच छापणार अशी माझी पक्की खात्री झाली होती. गणपती आले तेव्हा शटर अर्धं खाली ओढून मी आत अंधारात बसलेलो असायचो. बायपोलर हा शब्द त्यानंतर कळला, त्यावरची गोळी लिथियम त्याच्या पाठोपाठ.

गटात यायला पुढची चार वर्षं गेली. मधल्या काळात आईबरोबर एका नातेवाईकांच्या गटात जाऊन आलो होतो. नातेवाईकांनी उभं केलेलं काम आपल्याकडे जुनं आणि मोठं आहे. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासूनची. ती उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात, कॅलगरीला, संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते; स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार त्यांनी स्वतःच्या घरात, पत्नीच्या बाबतीत पाहिला होता. अशा लोकांचे उपकार आहेत. मी गेलो तो गट वेगळा होता, लहानसा, आता बंदही पडलाय. तिथे गोल करून बसलो, आईनं माझी सगळी कहाणी सांगितली, मग एका गृहस्थांनी आईला विचारलं, "आता गोळ्या घेतो का?" मी आईच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. "झोपतो का नीट?" "चिडतो का?" तासभर मी त्या खोलीत तृतीयपुरुषी एकवचनी होतो. कुणाचा हेतू वाईट नव्हता. परत गेलो नाही.

वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांनी मला थेट विचारलं, "लिथियम? किती?"

"नऊशे."

"हात थरथरतो?"

"थोडा."

"मग पत्रिकेवर नवरीचं नाव कसं लिहिता?"

"कॉम्प्युटरवर हो काका."

सगळे हसले. चार वर्षांत माझ्या आजाराबद्दल माझ्यासमोर कुणी हसलं नव्हतं. पुण्यात "याला येरवड्याला पाठवा" हा तिथल्या मनोरुग्णालयावरचा विनोद उठताबसता ऐकू येतो, पण तो आमच्या पाठीमागे. इथे आजारी माणूसच आजाराची चेष्टा करतो, आणि कुठे थांबायचं हेही त्याला ठाऊक असतं.

या गटात डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, नातेवाईक नाही. आलेल्या प्रत्येकाला बायपोलर आहे आणि प्रत्येकाची गोळी चालू आहे. सोबत आलेल्या माणसानं खाली वाचनालयात पेपर वाचत बसायचं. ही कल्पना आमची नव्हे. दारू सोडू पाहणाऱ्यांचं एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अमेरिकेत १९३५ ला असंच सुरू झालं. १९३७ ला शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या मनोरुग्णांना एकत्र बसवायला सुरुवात केली आणि पुढे ते काम त्या पेशंटांच्याच हाती गेलं. आमच्या मास्तरांनी यातलं बरंच वाचून ठेवलं होतं. मास्तर म्हणजे गट काढणारे, आयटीआयमध्ये शिकवायचे.

बैठकीचं यंत्र एकच, स्वयंपाकघरातला टायमर. टोमॅटोच्या आकाराचा, कुणीतरी घरून आणून दिलेला. प्रत्येकाला सहा मिनिटं. हे ऐकायला रुक्ष वाटतं, मलाही वाटलं होतं. पण चढलेला माणूस दोन तास बोलू शकतो आणि खाली गेलेल्याच्या तोंडून दोन शब्द निघत नाहीत. दोघांना एकाच खोलीत बसवायचं तर टोमॅटोला पर्याय नाही. चढलेल्याचं बोलणं वाजलं की थांबतं, वाक्य अर्धं असलं तरी. उलट, कुणी बोललाच नाही तरी त्याची सहा मिनिटं दुसऱ्याला मिळत नाहीत. सगळे गप्प बसतात. खालून रिक्षांचे आवाज येतात, टोमॅटोची टिकटिक चालू असते. २०१९ च्या पावसाळ्यात मी लागोपाठ तीन बैठका अशी सहा-सहा मिनिटं घेतली. तिसऱ्या वेळी टायमर वाजल्यावर शेजारच्या मुलानं माझ्यासमोर पार्ले-जीचा पुडा सरकवला. बस्स, तेवढंच.

मला वाटतं, हा टायमर कुठल्या डॉक्टरला सुचला नसता. दोन्ही टोकांना जाऊन आलेल्यालाच सुचतो.

डोस बदलण्याबद्दल बोलायला सक्त मनाई आहे. "मी अर्धी केली, मला बरं वाटलं" असं वाक्य सुरू झालं की तीन-चार जण एकदम म्हणतात, "डॉक्टरांना." एकदा एक गृहस्थ कसलीशी नैसर्गिक पावडर घेऊन आले होते, साखळी पद्धतीनं विकायची, लिथियम सोडवते म्हणे. त्यांची सहा मिनिटंही पूर्ण झाली नाहीत. पण गोळीच्या आजूबाजूचं जे ज्ञान इथे मिळतं ते दहा मिनिटांच्या ओपीडीत मिळणं अशक्य. डॉक्टरांचा दोष नाही, बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. लिथियमची लेव्हल बघायला रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, हे मला गटात कळलं. त्याआधी दोन वर्षं मी सकाळची गोळी घेऊन मगच लॅबमध्ये जात होतो, आणि आकडा वर आला की घाबरत होतो. सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, त्यावर गेली की विषारी व्हायला फार अंतर उरत नाही. लेव्हलबरोबर थायरॉइड आणि क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) ठरल्या वेळी बघायचं, कारण हे औषध थायरॉइड आणि किडनी दोन्हींवर बसतं. आमच्यातल्या नर्सताईंनी याच्या तारखांची वही ठेवली आहे. कुणाचं रक्त राहिलं की त्या चहा देताना कप हातात धरूनच ठेवतात.

आषाढीच्या आधीचा रविवार तर प्रत्येकानं बघावा असा असतो. रेल्वेकाका दरवर्षी वारीला चालत जातात. उन्हात घाम गाळत चालणं, त्यात एकादशीचा उपास, पाणी कमी, मीठ कमी, आणि गुडघे दुखले की कुणीतरी प्रेमानं हातावर ठेवलेली दुखण्याची गोळी. लिथियमवाल्याला याहून वाईट बेत शोधून सापडणार नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम आत साठायला लागतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी लेव्हल आणखी चढते. काका डॉक्टरांकडून लिहून आणतात: पाणी किती, उपास कसा, दुखलं तर कुठली गोळी चालेल. मग तो कागद हॉलमध्ये मोठ्यानं वाचला जातो. वाटेत उलट्या, जुलाब, नेहमीपेक्षा जास्त थरथर, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, यातलं काहीही झालं तर दिंडी सोडून सरळ दवाखाना. मी तो कागद ए-सिक्स साइजमध्ये छापून लॅमिनेट करून दिलाय. काका तो तुळशीच्या माळेबरोबर गळ्यात घालतात. पहिल्या वर्षी दिंडीतल्या एकानं विचारलं, हा कसला पास? काका म्हणाले, व्हीआयपी दर्शनाचा.

(याच लिथियमचा गुण १९४० च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नच्या एका इस्पितळाच्या रिकाम्या कोठीघरात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं आधी गिनीपिगांवर आणि मग माणसांवर पाहिला. दर ३० मार्चला, जागतिक बायपोलर दिनाला, आमच्यातले एक विज्ञानाचे सर ही गोष्ट सांगतात. ३० मार्च का, तर तो चित्रकार व्हॅन गॉगचा वाढदिवस, त्यालाही हाच आजार असावा असं मानतात. सरांना गिनीपिगच जास्त आवडतात.)

आता पाकिटांबद्दल, कारण माझ्या मते या गटाची खरी कमाई ती आहे. गटात सहा महिने झाले की प्रत्येक जण स्वतःच्या हातानं एक कागद लिहितो. मी चढायला लागलो की काय काय करतो, खाली जायला लागलो की काय करतो, आणि त्या वेळी कुणाला फोन करायचा. कागद पाकिटात, पाकीट बंद, कपाटात. उघडायचं तर गटातले दोघे जण एकमतानं उघडणार. माझ्या कागदावर चढण्याच्या खुणा चार : लागोपाठ तीन रात्री पाच तासांच्या आत झोप, मशिनांचे फोटो लोकांना पाठवणं, फाँट या विषयावर रात्री मेसेज, आणि बायकोला "तुला धंद्यातलं काही कळत नाही" म्हणणं. चौथी खूण तिनं सांगितली. मी लिहायला तयार नव्हतो.

२०२२ च्या सप्टेंबरात पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी मी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं की आपण दिवाळी अंक काढू या, तीनशे पानी, मुखपृष्ठाला स्पॉट यूव्हीची चकाकी, आणि मजकुराचा टाइप कुठला असावा यावर खाली अकरा मेसेज. सहा वाजता आमच्यातल्या एका बँकवाल्यांचा फोन.

"टोकन दिलं का?"

हा आमचा परवलीचा शब्द. माझ्या मशीनच्या गोष्टीवरून पडलेला आहे, आता सगळ्यांसाठी वापरतात. कुणाचं टोकन म्हणजे फ्लॅट, कुणाचं म्हणजे एका संध्याकाळी तीन साड्या. मी त्यांना वाट्टेल ते बोललो, त्यांच्या बँकेच्या एनपीएपर्यंत, म्हणजे बुडीत कर्जांपर्यंत, गेलो. ते "बरं बरं" म्हणाले. दहा वाजता ते आणि नर्सताई दुकानात हजर, हातात थर्मास. पाकीट उघडलेलं होतं आणि त्यावर मीच लिहिल्याप्रमाणे पहिला फोन बायकोला गेला होता. माझंच अक्षर माझ्यापुढे धरलं. दुसऱ्या कुणाच्या अक्षराशी मी भांडलो असतो. संध्याकाळी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी रक्त : ०.४. गोळ्या मध्येच राहत होत्या, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. औषध बदललं, तीन आठवडे घरी काढले. चाळीस रीम कागदाची ऑर्डर बायकोनं फोन करून रद्द केली. व्यापाऱ्याला तिनं काय सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही.

या पाकिटाला कायद्यात किंमत शून्य, हे लक्षात ठेवा. कायद्यानं जी सोय आहे ती वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. आजारपणात आपल्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं हे आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचा हक्क त्यात दिलेला आहे. गटातल्या वकीलताई वर्षातून एकदा ते समजावून सांगतात. आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. क्लेम नाकारला तर काय लिहायचं याचा नमुना वहीत लावलेला आहे. ज्याला अपंगत्वाचा दाखला काढायचा आहे त्याला २०१६ च्या कायद्याची माहिती मिळते. बाकी हे सगळं कंटाळवाणं आहे आणि अत्यंत उपयोगी आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. २०१९ च्या जुलैत दोन रविवार हॉलला कुलूप होतं. किल्ली मास्तरांकडे, आणि मास्तर स्वतःच डिप्रेशनमध्ये खाली गेले होते, फोन उचलत नव्हते. आम्ही वीसेक जण ओल्या छत्र्या घेऊन जिन्यात उभे. त्यात बारामतीकडून आलेला एक मुलगा होता, एकवीस-बावीसचा, मोठी बहीण सोबत. पहाटेच्या एसटीनं आले होते. अर्धा तास थांबून गेले, कुणी त्यांचा नंबर घेतला नाही. आम्ही सगळे मास्तरांच्याच चिंतेत. तो मुलगा परत कधी आला नाही. मी एक तारा कापतोय तो त्याच्यासाठी. पेशंटांनी चालवलेल्या गटात किल्ली ज्याच्या खिशात आहे तोही पेशंटच असतो, हे पहिल्या दिवसापासून धरून चालायला हवं होतं. कुठल्याही गटात जाल तर हे पहिलं विचारा : तुमचे प्रमुख आजारी पडले तर रविवारी दार कोण उघडतं? "ते पडणारच नाहीत" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. अमेरिकेतल्या डिप्रेशन अँड बायपोलर सपोर्ट अलायन्सचा कारभार असाच आजारातून गेलेले लोक बघतात, पण ती मोठी संस्था, कचेरी आहे, पगारी माणसं आहेत. आमच्याकडे एक स्टीलचा डबा. आता किल्ल्या दोन आहेत, दोन घरांत, आणि दर सहा महिन्यांनी हात बदलतात. मास्तर ऑक्टोबरात परत आले, मागच्या रांगेत बसले, सहा मिनिटं घेतली.

दुसरी. बायका कमी. बाविसात चार. आजार बायकांनाही तितकाच होतो. पण रविवारी सकाळी साडेदहाला घरातून दोन तास बाहेर पडायचं तर कुठे निघालीस याचं उत्तर द्यावं लागतं. लग्न ठरायचं असलेल्या मुलीला तर विचारूच नका. नर्सताईंनी महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बायकांचा वेगळा गट सुरू केलाय, तिथे म्हणे रविवारपेक्षा जास्त हसतात. मी बघितलेलं नाही, त्यामुळे तारे देत नाही.

तिसरी, भाषा. आम्ही पेठेतले लोक "ट्रिगर", "एपिसोड", "मूड चार्ट" असं सहज बोलून जातो. एका सोसायटीवर वॉचमन असलेले एक दादा दोनदा आले. दुसऱ्या वेळी टायमर लागल्यावर म्हणाले, "मला रातपाळी हाय. झोपायचं कसं तेवढं सांगा." त्यांना नीट उत्तर द्यायला आमच्याकडे कुणी नव्हतं. झोप मोडणं हेच आमच्या आजाराचं सगळ्यात हक्काचं निमित्त, आणि ज्याची नोकरीच जागरणाची त्याला आम्ही मूड चार्टचा, म्हणजे रोज मन वर की खाली ते भरायचा, कागद दिला. तो मीच छापलेला होता. तेव्हापासून मी त्यात मोठ्या अक्षरात "काल किती तास झोपलात" एवढाच रकाना ठेवलाय.

चौथी तक्रार नव्हे, सूचना. हा गट तातडीच्या वेळेसाठी नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर पहिल्या रविवारची वाट बघू नका. टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तो नंबर हॉलच्या भिंतीवर आहे. व्हॉट्सॲपवर रात्री दहा ते सकाळी सात मेसेज बंद असतो. हा नियम कुणाच्या दिवाळी अंकानंतर आला ते सांगायची गरज नाही.

चार तारे. चहा साखर जास्त घातलेला असतो. लिथियमनं आधीच वजन वाढलेल्या माणसांना हा चहा का देतात हे मी दर वर्षी विचारतो.

यायचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना गट माहीत आहे. पहिल्यांदा कुणाला तरी सोबत आणा, खाली पेपर आणि जुने दिवाळी अंक भरपूर आहेत. जानेवारीपासून एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी नर्सताईंकडे. साडेदहाला दार बंद दिसलं तर जिन्याच्या भिंतीवर दोन नंबर लावलेत, नावं नाहीत. वरचा माझा. तो लागला नाही तर लगेच खालचा फिरवा, माझी वाट बघू नका. छत्तीस पॉइंट बोल्ड आहे, जिन्यात दिवा नसला तरी वाचता येतो.